दुर्मीळ संगीत, भुसावळचा कूलर आणि चाळीस हजार रुपये

प्रश्न : भुसावळ येथे राहणारे २८ वर्षांचे एक वाचक जळगावातील डाळ मिलच्या कार्यालयात हिशेबाचे काम करतात आणि रोज रेल्वेने अप-डाऊन करतात. काही वर्षांपूर्वी एका रात्री यूट्यूबवर हिरोशी योशिमुरा या जपानी संगीतकाराचा ‘ग्रीन’ हा अल्बम आपोआप सुरू झाला. तेव्हापासून त्यांना ॲम्बिएंट (भोवतालात मिसळून जाणारे), ड्रोन (लांबवर टिकणाऱ्या स्वरांचे) आणि प्रायोगिक संगीताची, त्यातही छोट्या स्वतंत्र लेबलांनी, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या संस्थांनी, काढलेल्या दुर्मीळ अल्बमांची ओढ लागली. आज त्यांच्या हार्ड डिस्कवर हजाराहून अधिक अल्बम आहेत. त्यांपैकी बहुतेक फुकट उतरवलेले आहेत आणि निम्मेही ऐकून झालेले नाहीत. घरात कूलरची घरघर आणि बाहेर गाड्यांचे भोंगे असल्याने शांतपणे ऐकता येत नाही. लोको शेडमधून निवृत्त झालेले वडील ‘हे काय घूं घूं लावून ठेवलंय’ असे विचारतात आणि मित्र ‘शायनिंग मारतो’ म्हणून हसतात. टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) आणि परदेशी रेकॉर्ड घेण्यासाठी त्यांनी ४०,००० रुपये साठवले आहेत. शिवाय पुण्यात थोड्या कमी पगाराची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. ते विचारतात : खानदेशात राहून हे संगीत नीट शोधता येईल का? पैसे कशावर खर्च करावेत? पुण्याला जावे का? आणि मुळात मला हे खरोखर आवडते, की ही केवळ वेगळे दिसण्याची हौस आहे?

उत्तर : तुम्ही सर्वांत शेवटी, काहीसे ओशाळून विचारलेला प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पत्राचा बराचसा भाग हार्ड डिस्कची क्षमता, अल्बमांची संख्या, फाइलींचे प्रकार आणि हाती न लागलेल्या रेकॉर्डच्या किमती यांनी व्यापला आहे. प्रत्यक्ष ऐकताना तुम्हाला काय होते, याविषयी मात्र एकच वाक्य आहे : संध्याकाळी जळगावहून परतताना भादली स्थानक मागे पडेपर्यंत तुम्ही ‘ग्रीन’ ऐकता आणि तेवढ्या वेळात दिवसभराचे आकडे डोक्यातून निघून जातात. माझा विश्वास या वाक्यावर आहे. आवडीत मिरवण्याची हौस थोडीफार मिसळलेली असतेच. नाट्यसंगीताच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून माना डोलावणारे सगळेच निव्वळ सुरांसाठी आलेले असतात असे नाही, आणि तरीही मैफल रंगते. तेव्हा मित्रांच्या हसण्यावरून स्वतःची परीक्षा घेऊ नका. हार्ड डिस्कवरच्या आणखी किती अल्बमांविषयी तुम्हाला असे एखादे वाक्य लिहिता येईल, ते पाहा. चार-पाचच निघाले, तर आवड खोटी ठरत नाही. उतरवण्याचा वेग ऐकण्याच्या वेगापेक्षा फार वाढला, एवढेच त्यावरून कळेल.

याच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते तपासून पाहू. अल्बम दुर्मीळ आहे म्हणजे तो मोलाचा असणारच, असे तुमच्या पत्रात जागोजागी ध्वनित होते. ‘ग्रीन’चेच उदाहरण घ्या. तो १९८६ मध्ये जपानमध्ये निघाला, फारसा कोणाच्या नजरेस आला नाही आणि पुढे त्याच्या जुन्या प्रतींसाठी संग्राहक मोठ्या रकमा मोजू लागले. योशिमुरा २००३ मध्ये वारले. सिॲटल येथील लाइट इन द ॲटिक या स्वतंत्र लेबलने २०२० मध्ये तो अल्बम पुन्हा प्रकाशित केला, त्यामुळे आज तो कोणालाही घरबसल्या विकत घेता येतो. म्हणून भादलीच्या अलीकडे तुम्हाला जे होते, ते काही कमी झाले आहे का? प्रती किती निघाल्या, त्या कुठे खपल्या आणि कोणाच्या माळ्यावर सडल्या, यावरून रेकॉर्डची किंमत ठरते. त्या रेकॉर्डमध्ये काय आहे, याच्याशी त्या किमतीचा संबंध अनेकदा नावापुरताच असतो.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर चरणजित सिंग यांचे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादन करणाऱ्या या कलावंताने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तेव्हा नवी असलेली टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तो अल्बम कोणत्या छोट्या लेबलने नव्हे, तर एचएमव्हीसारख्या बलाढ्य कंपनीने काढला होता, तरीही तो खपला नाही आणि विस्मरणात गेला. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या चिमुकल्या लेबलने तो पुन्हा काढला, तेव्हा कुठे शिकागोमध्ये काही वर्षांनी जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताशी असलेले त्याचे आश्चर्यकारक साम्य जगाच्या ध्यानात आले. त्याला दुर्मीळ मोठ्या कंपनीने केले आणि सुलभ छोट्या लेबलने केले. चांगली स्वतंत्र लेबले बहुधा हेच काम करतात, त्यामुळे दुर्मिळतेचे आकर्षण बाळगणारा माणूस आणि ही लेबले यांची दिशा खरे तर परस्परविरुद्ध असते.

अशा पुनर्प्रकाशित अल्बमांबाबत एक चौकशी अवश्य करावी : पैसे कोणाला मिळतात? घानातील गायक आटा काक यांची १९९४ सालची एक कॅसेट ब्रायन शिमकोविट्झ यांना २००२ मध्ये घानातच हाती लागली. ती पुन्हा काढण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे त्या गायकाचा शोध घेतला आणि २०१५ मध्ये, म्हणजे गायक सापडल्यानंतरच, आपल्या ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका या लेबलवर ती प्रकाशित केली. हे लेबल नफ्याचा निम्मा वाटा कलावंताला देते. जिथे कलावंताचे नाव, ध्वनिमुद्रणाचे साल आणि हक्क कोणाकडून घेतले याचा साधा उल्लेखही नसतो, तिथे पैसे देण्यापूर्वी मी तरी दोनदा विचार करीन.

तुमचे दुसरे गृहीतक असे, की भुसावळचा गोंगाट आणि हे संगीत यांचा मेळ बसणे शक्य नाही. ॲम्बिएंट संगीताच्या जन्माची जी हकीकत ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो स्वतः सांगत आले आहेत, ती नेमकी उलट आहे. १९७५ च्या सुरुवातीस टॅक्सीच्या धडकेने जखमी होऊन ते लंडनमध्ये अंथरुणाला खिळले होते. भेटायला आलेल्या मैत्रिणीने जुन्या हार्पवादनाची रेकॉर्ड लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज फार लहान राहिला होता, एक स्पीकर चालत नव्हता, बाहेर पाऊस पडत होता आणि उठून आवाज वाढवण्याची त्यांच्या अंगात ताकद नव्हती. मग त्या पावसातूनच मधूनमधून ऐकू येणारे स्वर ऐकत ते पडून राहिले आणि भोवतालात मिसळून जाणाऱ्या संगीताची कल्पना त्यांना सुचली. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम त्यांच्या ऑब्स्क्युअर या लेबलवर निघाला आणि १९७८ मध्ये विमानतळासाठी रचलेला ‘ॲम्बिएंट १’ आला. विमानतळावर तुमच्या घरापेक्षा शांतता असते, असे कोणी म्हणणार नाही.

मे महिन्यात खानदेशातल्या माणसाला कूलर बंद करून संगीत ऐकायला सांगणे हा अघोरीपणा ठरेल. कूलर चालू राहू द्या. फक्त संगीताचा आवाज त्याच्या वर चढवू नका. तो कूलरच्या घरघरीइतकाच किंवा किंचित खाली ठेवून पाहा. अनेक रचनांचे वेगळेच रूप त्यातून कानी येते. अगदी बारीक, तुटक स्वरांचे अल्बम मात्र हिवाळ्यातल्या पहाटेसाठी राखून ठेवावेत. हेडफोन लावून गोंगाटावर मात करण्याच्या नादात कानांची हानी होते, हेही लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि पातळी वाढली, की ही मुदत झपाट्याने कमी होते. धावत्या पॅसेंजरमध्ये आपण नकळत आवाज बराच वाढवतो, म्हणून तिथे कान झाकणारे किंवा कानात घट्ट बसणारे हेडफोन बरे.

या संगीतापासून आपण फार दूर राहतो, असेही तुम्ही म्हणता. नवजीवन एक्सप्रेस तुमच्याच स्थानकावरून नंदुरबारमार्गे थेट अहमदाबादला जाते, त्या अहमदाबादची एक गोष्ट ऐका. तिथल्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. त्या अमेरिकी संगीतकार जॉन केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या आणि त्याच्या बदल्यात त्यांना भारतीय संगीत समजावून देत होत्या. मन निवांत आणि निर्मळ करणे हे संगीताचे प्रयोजन आहे, हा विचार केज यांनी त्यांच्याकडून घेतला आणि पुढे आयुष्यभर त्याचा उल्लेख केला. वादक चार मिनिटे तेहेतीस सेकंद एकही स्वर वाजवत नाही, ती केज यांची रचना १९५२ मध्ये पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी प्रथम सादर केली. हेच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर (विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य) बसवून देण्यासाठी आले. १९७२ पर्यंत गीता साराभाई आणि इतर काही भारतीय मंडळींनी तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग करून ते फितींवर उतरवले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक भाग लंडनच्या एका स्वतंत्र लेबलने ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रकाशित केला. तुमच्या हार्ड डिस्कवरच्या यादीत मला तो दिसला नाही. तिथूनच सुरुवात करा.

दुसरा धागा तर आपल्या मैफलींतूनच जातो. ला मॉण्टे यंग आणि टेरी रायली या दोघांची नावे तुम्ही ड्रोन संगीताचे आद्य पुरुष म्हणून घेता. ते दोघेही १९७० च्या सुमारास पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे होते. हिराबाई बडोदेकर आणि भीमसेन जोशी यांच्यामुळे हे घराणे मराठी घरांत परके नाही. संथ आलाप, एकेका स्वराजवळ थांबण्याची वृत्ती आणि काटेकोर जुळवलेला तंबोरा हे सारे तिथून त्या अमेरिकी संगीतकारांकडे गेले. गाणे नाही, तबला नाही, केवळ तंबोरेच वाजत आहेत, असेही एक दीर्घ ध्वनिमुद्रण यंग यांनी प्राणनाथांच्या नावे प्रकाशित केले आहे. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात जाऊन बसाल, तर तंबोरे जुळवले जात असताना कान उघडे ठेवा. लोक तेव्हा खुर्च्या शोधत असतात.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यावा, ते सविस्तर लिहिते, कारण शहादा, चोपडा, चाळीसगाव या बाजूंनीही थोड्याफार फरकाने हेच विचारणारी पत्रे येतात. बहुतेकांची चूक एकच असते : ते प्रकाराच्या नावाने शोधतात. ‘डार्क ॲम्बिएंट’, ‘ड्रोन’, ‘मायक्रोसाउंड’ अशा नावांनी शोधल्यावर हजारो अल्बम समोर येतात आणि यंत्राने पुढे केलेला प्रत्येक अल्बम आधीच्यासारखाच वाटू लागतो. शोध माणसांच्या मागे जाऊन करावा. स्वतंत्र लेबल म्हणजे बहुधा एखाददुसऱ्या माणसाची आवड, नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी चालवलेली. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील रूम-फोर्टी हे लेबल २००० पासून लॉरेन्स इंग्लिश चालवतात; न्यूयॉर्कचे ट्वेल्व्ह-के हे लेबल टेलर डुप्री यांनी १९९७ मध्ये सुरू केले; इंग्लंडचे टच १९८२ पासून आणि शिकागोचे क्रँकी १९९३ पासून चालू आहे. यांपैकी एकच लेबल निवडा आणि महिनाभर त्याच्यासोबत राहा. नव्या अल्बमापासून मागे न जाता पहिल्यापासून पुढे या, म्हणजे त्या माणसाची आवड कशी बदलत गेली, ते कळते आणि एखादा अल्बम आवडला नाही तरी तो त्याने का काढला असावा, असा प्रश्न पडू लागतो. कान तयार होतो, तो बहुतांशी अशा न आवडलेल्या अल्बमांवर.

बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर यांतील बहुतेक लेबले आहेत. तिथे प्रत्येक अल्बमाखाली तो विकत घेणाऱ्यांची लहान चित्रे असतात. एखाद्यावर बोट ठेवले, की त्या माणसाने आणखी काय घेतले आहे, त्याची सगळी यादी उघडते. तुम्हाला अतिशय आवडलेल्या, पण फारशा कोणी न घेतलेल्या अल्बमाखालचे ग्राहक शोधा. त्यांच्या यादीतून जे हाती लागते, ते कोणत्याही शिफारस-यंत्रणेला जमत नाही, कारण त्या माणसाने त्यासाठी पदरचे पैसे मोजलेले असतात. डिस्कॉग्ज ही २००० पासून चालू असलेली रेकॉर्डची सूची तुम्ही केवळ किमती पाहण्यासाठी वापरता, असे दिसते. तिचा खरा उपयोग श्रेयनामावलीसाठी आहे. अल्बमाचे मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनापूर्वीचा ध्वनीवरचा शेवटचा हात, कोणी केले, ते पाहा. ट्वेल्व्ह-केचे डुप्री इतरांच्याही पुष्कळ अल्बमांचे मास्टरिंग करतात, म्हणून त्यांच्या नावामागे गेलात, तर एरवी कधीच भेटली नसती अशी लेबले भेटतील.

ऐकवणारे माणूस हवे असेल, तर इंटरनेटवरील रेडिओ आहेत. लंडनचे एनटीएस २०११ मध्ये आणि दिल्लीचे बॉक्सआउट २०१७ मध्ये सुरू झाले. एनटीएसच्या जुन्या कार्यक्रमांखाली वाजवलेल्या रचनांची यादीही दिलेली असते. वाचायचे असेल, तर १९८२ पासून लंडनहून निघणारे ‘द वायर’ हे मासिक आहे; याच नावाच्या भारतीय वृत्तस्थळाशी त्याचा संबंध नाही. फुकट, पण रीतसर ऐकायचे असेल, तर इंटरनेट आर्काइव्हवर ‘नेटलेबल्स’ नावाचा मोठा संग्रह आहे. तिथले संगीत त्या लेबलांनीच मोफत वाटपासाठी दिलेले आहे. हे सगळे एकाच आठवड्यात उघडून बसू नका, नाहीतर हार्ड डिस्कची गोष्ट पुन्हा घडेल.

त्या हार्ड डिस्कविषयी तुम्हाला वाटणारी टोचणी रास्त आहे, पण ती पुसून टाकण्याचे नाट्य करण्याची गरज नाही. ज्या चार-पाच अल्बमांकडे तुम्ही वारंवार परतता, ते आधी विकत घ्या. बाकीचे हळूहळू ऐका. जो मनात राहील तो घ्या, जो राहणार नाही तो काढून टाका. स्ट्रीमिंगवर ऐकले म्हणजे कलावंताला काहीतरी मिळालेच, असेही समजू नका. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे, की मागील बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या रचनेला मोबदला द्यायचा नाही, आणि तुमच्या आवडीच्या लेबलांवरच्या कित्येक रचना त्या रेषेच्या खालीच राहतात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के कापून घेते आणि ठरावीक शुक्रवारी तेही सोडून देते. २०२० मध्ये सुरू झालेला हा ‘बँडकॅम्प फ्रायडे’ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार चालतो, म्हणजे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी सुरू होतो आणि शनिवारी दुपारपर्यंत असतो. डिजिटल अल्बमाची किंमत बहुधा सहाशे ते नऊशे रुपयांच्या घरात जाते; काही अल्बम ‘मनास येईल ते द्या’ या तत्त्वावर असतात. कार्ड चालत नाही, अशी तुमची तक्रार आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० पासूनच्या नियमामुळे नव्या कार्डांवरील परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा दोन-अडीच हजारांची ठेवा आणि खरेदी झाली, की पुन्हा बंद करा. फाइल ‘फ्लॅक’ स्वरूपात, म्हणजे आवाजाचा कोणताही तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात, घ्यावी. तासाभराच्या अल्बमाला सुमारे ३०० एमबी जागा लागते आणि मंद, लांब स्वरांचे संगीत तीत न चिरडता टिकते.

टर्नटेबलविषयी माझे मत स्पष्ट आहे : सध्या घेऊ नका. ज्यांतील बराच भाग डिजिटल पद्धतीनेच तयार झाला आहे, असे हे अल्बम. एकेका परदेशी रेकॉर्डवर तिच्या किमतीइतका टपालखर्च, वर सीमाशुल्क. आणि खानदेशातला उन्हाळा. रेकॉर्ड प्लास्टिकची असते. पारा ४५ अंशांवर असताना उन्हात उभ्या असलेल्या कुरिअरच्या बंद गाडीत ती वाकडी होऊ शकते आणि वाकडी झालेली रेकॉर्ड सहजासहजी सरळ होत नाही. कधी मागवलीच, तर दिवाळीनंतर मागवा. चाळीस हजारांपैकी दहा-बारा हजारांत एक चांगला वायरचा हेडफोन आणि टेबलावर ठेवण्याचे दोन स्पीकर येतील. उरलेल्यातून महिन्याला एक अल्बम घेतलात, तरी कित्येक महिने पुरतील.

स्पीकर मी मुद्दाम सुचवते आहे, आणि तेही तुमच्या वडिलांसाठी. तुम्ही घरात हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर लावता, असे पत्रावरून दिसते. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे, खर्जातले स्वर जवळजवळ येतच नाहीत. येते ती वरची भुणभुण. तंबोराही मोबाइलवर तसाच वाजतो. तेव्हा ‘घूं घूं’ म्हणताना वडील त्यांना जे ऐकू येते त्याचे बरेचसे प्रामाणिक वर्णन करत आहेत, त्यात रागावण्यासारखे काही नाही. त्यांना ‘ग्रीन’ ऐकवू नका. फ्रेंच संगीतकार पियरे शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावरील इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून, ते तोडून आणि पुन्हा जोडून तीन मिनिटांहूनही लहान अशी एक रचना केली. आज ज्याला प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात, त्याच्या अगदी आरंभीच्या कामांत ती मोजली जाते. ती लावा आणि काही न सांगता विचारा, की हे कसले इंजिन आहे. त्यानंतर ब्रिटिश ध्वनिमुद्रक क्रिस वॉटसन यांचा ‘एल ट्रेन फँटास्मा’ लावा. टच या लेबलने २०११ मध्ये काढलेला हा अल्बम मेक्सिकोच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या रेल्वेप्रवासाच्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेला आहे. लोको शेडमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यातल्या ब्रेकच्या, जोडणीच्या आणि इंजिनाच्या आवाजांतले तुमच्यापेक्षा अधिक कळेल. त्यांना तो आवडेलच असे नाही. परंतु ‘हे चूक जोडलंय, असं इंजिन इथं असा आवाज करत नाही’ एवढे जरी ते म्हणाले, तरी तुम्हाला घरातच एक जाणकार श्रोता मिळाला असे समजा.

मित्रांपुरते एवढेच सांगते, की त्यांना पटवण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी गावातला एखादा तबलाशिक्षक, संवादिनी दुरुस्त करणारा कारागीर किंवा मैफलींना नियमित जाणारा एखादा वयस्क श्रोता पाहा. अर्धा तास आलाप ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला चाळीस मिनिटे हळूहळू बदलणारा एक स्वर ऐकणे जड जात नाही. वाचनालयाची खोली महिन्यातून एकदा तासभर मिळाली आणि तिघे जण येऊन बसले, तरी बैठक झाली. एक अल्बम, मधे बोलणे नाही आणि नंतर चहा. परदेशांतही या संगीताच्या कार्यक्रमांना अनेकदा वीस-पंचवीस माणसेच असतात.

जाता जाता, तुमच्या पत्रातील ‘आमच्याकडे असे काहीच नाही’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत रात्रभर घुमणारे मोठे ढोल आणि श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी बायका म्हणतात ती गाणी तुम्ही कधी त्याच कानांनी ऐकली आहेत का? हे ॲम्बिएंट संगीत नव्हे आणि त्याला ते लेबल लावूही नये. पण दीर्घ, आवर्तनांनी पुढे सरकणारा नाद ऐकण्याची ज्याला गोडी आहे, त्याला तिथे ऐकण्याजोगे पुष्कळ आहे. ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आहे आणि त्यांतील अनेक मूळ आवाजांत मोफत ऐकता येतात. स्वतः काही रेकॉर्ड करावेसे वाटले, तर मोबाइलही चालेल; फक्त वाऱ्याचा फरफराट टाळण्यासाठी त्यावर फोमचा किंवा जाड कापडाचा तुकडा बांधा. बर्लिनहून चालणाऱ्या रेडिओ अपोरी या ध्वनिनकाशावर जगभरातील लोक आपापल्या गावांचे आवाज चढवतात. तिथे भुसावळची एक पहाट सहज शोभेल. माणसे गात असतील, तर मात्र आधी विचारा, ती काय गात आहेत आणि त्यांची नावे काय आहेत ते लिहून घ्या, आणि त्यांची इच्छा नसेल तर यंत्र खिशात ठेवा.

राहिला पुण्याचा प्रश्न. तिथे असे कार्यक्रम होतात, मुंबईत थोडे अधिक होतात, आणि प्रत्यक्ष ऐकण्याची बरोबरी हेडफोनने होत नाही, हे मान्य करायला हवे. तरीही असे कार्यक्रम वर्षाकाठी किती होतात आणि त्यांतील किती तुम्हाला सुट्टीच्या दिवशी गाठता येतील, याचा हिशेब करून पाहा. हिशेब हा तर तुमचा व्यवसायच आहे. रात्रीच्या गाडीने जाऊन, कार्यक्रम ऐकून परत येणे कमी पगार आणि पुण्याचे घरभाडे यांच्या तुलनेत बहुधा स्वस्त पडेल. त्या नोकरीत पुढे वाढ आहे का, जळगावच्या कामाचा तुम्हाला कंटाळा आला आहे का, वडिलांना तुमची सोबत किती लागते, यांविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. ते कळवलेत, तर नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे देता येईल. संगीतापुरते बोलायचे, तर पुण्याला जाणे किंवा न जाणे यावर तुमचे ऐकणे अडलेले नाही.